प्लाझ्मातले एक्सोसोम: एनटीएवर कण भरपूर, ब्लॉटवर सीडी६३ गायब

परळ_ते_पवई

नमस्कार मंडळी. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या प्लाझ्मातून एक्सोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या (व्हेसिकल), काढून त्यांतले मायक्रोआरएनए (जनुकांवर नियंत्रण ठेवणारे छोटे आरएनए) बघायचे आहेत. सध्याची पद्धत अशी:

रक्त परळच्या एका रुग्णालयात ओपीडीच्या वेळात घेतलं जातं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. नळ्या बर्फाच्या डब्यातून पवईच्या प्रयोगशाळेत येतात. रस्ता कसा आहे त्यावर दीड ते तीन तास. आल्यावर सेंट्रीफ्यूजमध्ये १,५०० जी (गुरुत्वाच्या १,५०० पट), १० मिनिटं, ४ अंश सेल्सिअस. वरचा प्लाझ्मा उणे ८० ला. नंतर बर्फावर वितळवून, पॉलिमरने साका बसवणारा किट वापरून, साका पीबीएस या खारट बफरमध्ये घेतो.

निकाल: एनटीएवर (प्रकाशाने कण मोजणारं यंत्र) मिलीमागे साधारण एक लाख कोटी कण, म्हणजे १० चा १२ वा घात. बहुतेक कण ७५ नॅनोमीटरच्या आसपास. बीसीए या प्रथिन मोजायच्या चाचणीवर मिलीमागे २० मिलिग्रॅम. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) एक्सोसोमची खूण असलेलं सीडी६३ अजिबात नाही, तशीच दुसरी खूण सीडी९ अगदी फिकट, आणि ६६ किलोडाल्टनला अल्ब्युमिनचा जाडजूड बँड. टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) गोल पांढरे गोळे दिसतात, पण कडेला पडदा असा दिसत नाही.

अँटिबॉडी बदलावी का? की अल्ट्रासेंट्रीफ्यूजकडे वळावं? गाईडचं म्हणणं, कण मोजले गेलेत ना, मग आरएनए काढा आणि पुढे चला.

बफी_कोट

अँटिबॉडीकडे जायच्या आधी नळीकडे बघा. तुमचं निम्मं नुकसान पवईला पोहोचायच्या आत झालेलं आहे.

पहिली गोष्ट, बर्फ. न फिरवलेलं रक्त थंड केलं की प्लेटलेट चेततात आणि स्वतःच्या व्हेसिकल सोडू लागतात. ते २० ते २४ अंशांतच ठेवायचं. आता मुंबईत मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे ३४ अंश, त्यामुळे डबा लागतोच. पण त्यात बर्फ नको, २२ अंशांवर आणून ठेवलेले जेल पॅक हवेत. नळ्या उभ्या, स्टँडमध्ये. स्कूटरच्या डिकीत आडव्या टाकलेल्या किंवा रुग्णालयाच्या न्यूमॅटिक ट्यूबमधून पाठवलेल्या नळ्या या कामासाठी बाद समजा, कारण हिसक्यांनीही प्लेटलेट चेततात आणि लाल पेशी फुटतात.

दुसरी, वेळ. रक्त काढल्यापासून तासाभरात, फार तर दोन तासांत पहिलं फिरवणं व्हायला हवं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या भरवशावर ते जमणार नाही. त्यामुळे सेंट्रीफ्यूज परळलाच चालवायचं. रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत स्विंग-आउट रोटर असतोच. २,५०० जी, १५ मिनिटं, ब्रेक बंद. बफी कोटच्या (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या थराच्या) वर सेंटिमीटरभर प्लाझ्मा सोडून उरलेला नव्या नळीत घ्या आणि तो पुन्हा २,५०० जी, १५ मिनिटं. या वेळी तळाचं अर्धा मिली सोडून द्या. मग अर्ध्या-अर्ध्या मिलीचे वाटे, म्हणजे अ‍ॅलिकॉट करून गोठवा आणि कोरड्या बर्फावर पवईला न्या. गोठल्यावर ट्रॅफिक लागला तरी फरक पडत नाही.

तिथल्या यंत्रावर आरपीएम लिहिलेले असतात, जी नाही. सूत्र: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंमी असेल तर २,५०० जीसाठी साधारण ३,७४० आरपीएम लागतात. त्रिज्या १० सेंमी असेल तर ४,७३० च्या आसपास. टेबलावरची छोटी यंत्रं ३,५०० लाच थांबतात. तिथे ‘फुल स्पीडवर फिरवलं’ या वाक्याला काही अर्थ नाही.

तुमच्या १,५०० जी, १० मिनिटांत भरपूर प्लेटलेट वर राहतात. उणे ८० ला त्या फुटतात, आणि वितळवल्यावर त्यांचे तुकडे तुमच्या नमुन्यात व्हेसिकल म्हणून वावरतात. तो फिकट सीडी९ बहुधा त्यांचाच. सीडी४१ (प्लेटलेटची खूण) लावून बघा, कळेल.

आणखी काही मुद्दे, भराभर. हेपरिनची हिरवी नळी कधीच नको, ती पीसीआर अडवते. सुई २१ गेज, टुर्निकेट कमीत कमी वेळ, पहिले २-३ मिली रक्त वेगळ्या नळीत. सीरम नको, कारण गुठळी होताना प्लेटलेट व्हेसिकल ओततात. वितळवताना बर्फ नको, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये झटपट वितळवा. हळूहळू थंडीत वितळलेल्या प्लाझ्मात फायब्रिनोजनसकट प्रथिनांचा साका बसतो. रक्तपेढीत क्रायोप्रेसिपिटेट मुद्दाम करतात ते याच युक्तीने. एकदा वितळवलेला अ‍ॅलिकॉट परत गोठवायचा नाही.

हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) प्रत्येक नमुन्यात मोजा. ४१४ नॅनोमीटरला शोषण ०.२ च्या वर गेलं की संशय. मायक्रोआरएनएचं काम आहे म्हणून पीसीआरवर मिआर-२३ए-३पी आणि मिआर-४५१ए यांच्या सीक्यूंतला (पीसीआरच्या कितव्या फेरीत संकेत दिसतो त्या आकड्यांतला) फरकही बघा. तो ७ च्या वर गेला तर लाल पेशी फुटलेल्या आहेत. डोळ्याला गुलाबी दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

आणि उपाशीपोटी रक्त. ओपीडीत पेशंट कर्जत-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून येतो, रांगेत चहा-वडापाव होतो, आणि अकरा वाजता तुम्ही त्याचं रक्त घेता. त्या प्लाझ्मात कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे कण) पोहत असतात. रायल्स ट्यूबवरच्या (नाकातून पोटात घातलेल्या नळीने अन्न घेणाऱ्या) रुग्णाला शेवटचं फीड कधी दिलं ते फॉर्मवर लिहून घ्या, ‘निल बाय माउथ’ (तोंडाने काही द्यायचं नाही) म्हणजे उपाशी असा गैरसमज इथे सर्रास होतो.

सेफरोज_सीएल२बी

बफी_कोट यांनी नळीचं सगळं सांगितलं, मी पुढचं सांगते.

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. एक लाख कोटी भागिले २०,००० केलं की एका मायक्रोग्रॅम प्रथिनामागे ५ कोटी कण येतात. पेशींच्या माध्यमातून काढलेल्या ईव्हींसाठी (ईव्ही म्हणजे पेशीबाहेरच्या व्हेसिकल) वापरला जाणारा ठोकताळा असा: ३,००० कोटींच्या वर शुद्ध, १५० कोटींच्या खाली अशुद्ध. तुम्ही त्या खालच्या रेषेच्याही तीसपट खाली आहात. पॉलिमर निवड करत नाही. पाणी ओढून घेतो आणि जे जड आहे ते सगळं खाली बसवतो: अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, लायपोप्रोटीन (रक्तात चरबी वाहणारे कण) आणि त्यात कुठेतरी चिमूटभर व्हेसिकल.

७५ नॅनोमीटरचे पांढरे, पडदा नसलेले गोळे हे लायपोप्रोटीनच. खऱ्या व्हेसिकल निगेटिव्ह स्टेनमध्ये वाळताना खपाटीला जातात आणि वाटीसारख्या दिसतात. एनटीए फक्त प्रकाश विखुरणारा, थरथरणारा ठिपका बघतं. ठिपका कशाचा, हे त्याला कळत नाही. प्लाझ्मात लायपोप्रोटीनचे कण व्हेसिकलपेक्षा कितीतरी घातांनी जास्त असतात. त्यामुळे प्लाझ्माचा नुसता कणांचा आकडा हा बऱ्याच अंशी त्या माणसाच्या नाश्त्याचा आकडा असतो. गाईडना हे सांगायला टीईएमचा तुमचाच फोटो पुरे.

आता करायचं काय? साइज एक्स्क्लूजन कॉलम (आकारानुसार कण वेगळे करणारा). तयार विकत मिळतो, पण हाताने भरलेला स्वस्त पडतो आणि चांगला चालतो. १० मिलीची सिरिंज घ्या, तळाशी नायलॉनच्या पायमोज्याचा छोटा तुकडा बसवा (हसू नका, छापील पद्धतीत हेच आहे). सेफरोज सीएल-२बी (कॉलममध्ये भरायचे सच्छिद्र मणी) २० टक्के इथेनॉलमध्ये येतं. ते पीबीएसने धुऊन, हवा काढून, १० मिली बसेल एवढं एका दमात ओता. सिरिंजचा व्यास १.५ सेंमी धरला तर थर साधारण साडेपाच सेंमी उंच होतो. पीबीएस ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेलं आणि कॉलमच्याच तापमानाचं हवं. फ्रिजमधून काढून थेट ओतलंत तर आत बुडबुडे सुटतात आणि थराला भेग पडते. भेग पडली की कॉलम परत भरायचा, डागडुजी होत नाही. थर कधीही कोरडा पडू द्यायचा नाही.

वर अर्धा मिली प्लाझ्मा, त्याहून जास्त नाही. मग अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या कुप्या गोळा करा. पहिल्या सहा जवळजवळ रिकाम्या. व्हेसिकल साधारण सातव्या-आठव्यापासून दहाव्या-अकराव्यापर्यंत येतात, आणि त्यानंतर प्रथिनाचा आलेख चढू लागतो. तुमच्या कॉलमला नक्की कुठल्या कुप्या, हे पहिल्या खेपेला प्रत्येक कुपीत प्रथिन, सीडी९ आणि अपो-बी (लायपोप्रोटीनची खूण) मोजून ठरवा, कोणाच्या तरी पेपरमधून उचलू नका. शेपटाकडची कुपी हावरेपणाने घेतली की अल्ब्युमिन परत येतं.

पण कॉलम आकारावर वेगळं करतो, आणि लायपोप्रोटीनपैकी व्हीएलडीएल (३० ते ८० नॅनोमीटर) व कायलोमायक्रॉन (७५ पासून पार १,००० पर्यंत) आकाराने व्हेसिकलच्याच पंगतीत बसतात. ते घनतेने हलके, १.०६ च्या खाली. व्हेसिकल साधारण १.०८ ते १.१९. म्हणून आयोडिक्सॅनॉलचा ग्रेडियंट (खाली घनता वाढत जाणारा द्रव), १,००,००० जी, रात्रभर. नुसता ग्रेडियंट केलात तर एचडीएल (हेही लायपोप्रोटीनच) अडकतं, कारण त्याची घनता १.०६ ते १.२१. मात्र ते आकाराने जेमतेम १० नॅनोमीटर असल्यामुळे कॉलमवर मागे पडतं. दोन्ही एकामागोमाग केले की दोन्ही शत्रू जातात. किंमत म्हणजे उत्पादन खूप घटतं. मायक्रोआरएनएच्या पहिल्या फेरीला मी उपाशीपोटी प्लाझ्मा अधिक कॉलम एवढ्यावर भागवेन, ग्रेडियंट निवडक नमुन्यांपुरता. ग्रेडियंटसाठी अल्ट्रासेंट्रीफ्यूज लागेल, पण आसपासच्या संस्थेत वेळ मागून घ्या. पातळ न करता चिकट प्लाझ्मा थेट १,००,००० जीला ७० मिनिटं फिरवणं हा उपाय नाही, त्यात अल्ब्युमिनच्या गुठळ्याही बसतात.

ब्लॉटचं: सीडी६३, सीडी८१, सीडी९ च्या बऱ्याच अँटिबॉडी डायसल्फाइड बंध शाबूत असलेला आकार ओळखतात. नमुन्यात डीटीटी किंवा बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घातलं की ओळख संपते. त्यांच्याशिवायचा बफर वापरा, ९५ अंशांना उकळू नका, ७० ला १० मिनिटं पुरे. सीडी६३ चा नेटका बँड शोधू नका, साखरेच्या साखळ्यांमुळे तो ३० ते ६० किलोडाल्टनमध्ये पसरट डाग दिसतो. अँटिबॉडी चालते का हे आधी कुठल्याही सेल लाइनच्या माध्यमातल्या व्हेसिकलवर तपासा, मग बदलायची का ते ठरवा. नकारार्थी बाजूला कॅलनेक्सिन (पेशीच्या आतलं, व्हेसिकलमध्ये दिसू नये असं प्रथिन), आणि प्लाझ्मात अपो-ए१, अपो-बी व अल्ब्युमिन दाखवल्याशिवाय आता परीक्षक ऐकत नाहीत. ईव्ही संशोधनाची मिसेव्ह-२०२३ ही मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून काढा.

सेल लाइनचं निघालंच आहे तर: एफबीएसमध्ये (पेशी वाढवायला लागणारं गाईच्या गर्भाचं सीरम) गाईच्या व्हेसिकल असतात. माध्यमात २० टक्क्यांपर्यंत पातळ करून १,००,००० जीला १८ तास फिरवलेलं सीरम वापरा.

आणि आरएनए. प्लाझ्मातले बरेचसे मायक्रोआरएनए व्हेसिकलच्या बाहेर, अर्गोनॉट-२ प्रथिनाला चिकटलेले असतात. कॉलमनंतरही ‘हे आतलं आहे’ असं म्हणायचं तर तीन कुप्या करा: एक तशीच, दुसरीत प्रोटिनेज-के, तो निष्क्रिय करून आरएनेज, तिसरीत हेच, पण आधी पडदा विरघळवणारं ट्रायटन एक्स-१००. दुसरीत टिकलं आणि तिसरीत गेलं तरच ते आतलं. नॅनोड्रॉपवर आरएनए मोजू नका, इतक्या कमी मात्रेला तो काहीही दाखवतो. सुरुवातीलाच सी. एलिगन्स या कृमीचा, माणसात नसलेला मिआर-३९ ठरलेल्या मात्रेत घाला आणि त्यावर काढणीची टक्केवारी बघा. एखाद्या ठरावीक मायक्रोआरएनएची एक प्रत सापडायला शंभराहून जास्त एक्सोसोम लागतात असं २०१४ च्या मोजणीत निघालं होतं, तेव्हा अपेक्षा बेतानेच ठेवा.

ओठांच्या_आत

तोंडाचाच कर्करोग आहे तर लाळेचा विचार केलात का? गाठीच्या अगदी शेजारचा द्रव आणि सुई नको. चावायला काही न देता आपोआप जमलेली लाळ, ५ मिली, बर्फावर (इथे बर्फ चालतो, प्लेटलेटचा प्रश्न नाही). त्याआधी तासभर खाणं, चहा, तंबाखू बंद. २,६०० जी, १५ मिनिटं, ४ अंश. म्यूसिनमुळे (लाळेतल्या चिकट प्रथिनामुळे) तार सुटते, म्हणून बरोबरीने पीबीएस मिसळून मगच फिरवा, नाहीतर कॉलम तुंबतो.

दोन अडचणी. गुटखा-मावा खाणाऱ्यांत चुन्याचे आणि सुपारीचे बारीक कण राहतात, एनटीए त्यांनाही कण म्हणूनच मोजतं. आणि तोंडातले जिवाणू स्वतःच्या बाह्यपटलाच्या व्हेसिकल सोडतात, २० ते २५० नॅनोमीटरच्या. कॉलमला त्या वेगळ्या करता येत नाहीत. सिक्वेन्सिंग केलंत तर मानवी जिनोमवर न बसणारे रीड फेकून देऊ नका, मोजून ठेवा.

त्वचा_दादर

विषयांतर होतंय, पण जाणकार इथे आहेत म्हणून विचारतो. माझी त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे. सप्लायर ‘एक्सोसोम’च्या कोरड्या पावडरीच्या बाटल्या घेऊन येतात, केस आणि चेहऱ्यासाठी. लेबलवर ‘५ बिलियन’. काही गुलाबाच्या स्टेम सेलच्या, काही माणसाच्या. मायक्रोनीडलिंगनंतर लावा म्हणतात, आणि ‘काही सर इंजेक्टही करतात’ असं हळूच सांगतात. पेशंट आता स्वतःहून मागतात. काय मानायचं?

बॅच_रेकॉर्ड

डॉक्टर, ५ बिलियन म्हणजे ५०० कोटी. वर सेफरोजताईंनी जे सांगितलं ते इथेही लागू: कशाने मोजले, आणि रिकाम्या बफरमध्ये किती निघाले? पावडरीत बहुतेक भाग ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉल असतो. पाणी घातल्यावर न विरघळलेला कणही मोजात येतो. गुलाबाच्या पेशींच्या व्हेसिकलवर सीडी६३ किंवा सीडी८१ नसतातच, त्यामुळे त्या बाटलीच्या कागदावर ही नावं दिसली तर कागद दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

कायद्याची बाजू. कॉस्मेटिक म्हणून नोंदलेली बाटली त्वचेवर लावण्यासाठी. सुईने आत घालून उपचाराचा दावा केला की ते औषध होतं. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये औषध म्हणून वापरायची स्टेम सेलजन्य उत्पादनं ‘नवं औषध’ धरलेली आहेत, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि चाचण्या. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर सूचना काढली, नेब्रास्कात अशा उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला म्हणून. मायक्रोनीडलिंगमध्ये ०.५ ते १.५ मिमीची सुई त्वचेचा वरचा थर भेदते, तेव्हा ‘फक्त वरून लावतो’ हा बचाव तिथेच पातळ होतो. निर्जंतुक नसलेलं काहीही त्या छिद्रांतून गेलं तर जंतुसंसर्ग किंवा ग्रॅन्युलोमा (सुजेच्या गाठी), दोन्ही शक्य.

सप्लायरकडे त्याच बॅचचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट मागा. त्यात पेशींचा स्रोत आणि दात्याच्या विषाणू तपासण्या, स्टेरिलिटी, एंडोटॉक्सिन, मायकोप्लाझ्मा, कणमोजणीची पद्धत, अशुद्धीचे मार्कर, आणि परिणाम दाखवणारी पोटेन्सी चाचणी आहे का बघा. शेवटची जवळजवळ कधीच नसते. ब्रोशर पाठवतो म्हणाला तर संभाषण तिथे संपवलेलं बरं.

यावरून ‘मग हे सगळंच थोतांड’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. तपासणीत ईव्ही आलेले आहेत: पीएसए (प्रोस्टेटच्या तपासणीत रक्तात मोजतात ते प्रथिन) २ ते १० असलेल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी लघवीतल्या एक्सोसोमची एक्सोडीएक्स चाचणी आहे. पीसीए३, ईआरजी आणि एसपीडीईएफ ही तीन जनुकं मोजतात आणि १५.६ च्या खाली गुण आले तर बायॉप्सी टाळण्याचा विचार होतो. जिवाणूंच्या व्हेसिकल तर लशीत वर्षानुवर्षं आहेत. बेक्ससेरो या मेनिंगोकोकस-बी लशीच्या अर्ध्या मिलीच्या डोसमध्ये बाह्यपटलाच्या व्हेसिकल २५ मायक्रोग्रॅम असतात, युरोपात मान्यता २०१३ ची. उपचाराचं गाडं मात्र अडतं. फुप्फुसाच्या कर्करोगात डेंड्रिटिक पेशींच्या एक्सोसोमची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २२ रुग्णांवर झाली, २०१६ मध्ये छापली, ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही. याच क्षेत्रातली कोडियाक कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

अडचणी कुठे आहेत तेही ठोस आहे. शिरेतून दिलेल्या व्हेसिकल काही मिनिटांत यकृत आणि प्लीहा उचलून नेतात. आत सायआरएनए (जनुक बंद करणारे छोटे आरएनए) भरायला विजेचा झटका दिला की आरएनएच्याच गुठळ्या होतात आणि ‘भरलं गेलं’ असा भास होतो. साध्या पीबीएसमध्ये उणे ८० ला ठेवलेल्या व्हेसिकल नळीच्या भिंतीला चिकटून घटतात. त्यावर अल्ब्युमिन आणि ट्रेहॅलोज घातलेला बफर व लो-बाइंड नळ्या हा चांगला उतारा आहे. परळ_ते_पवई, हे तुम्हालाही लागू, कॉलमनंतर कुप्या गोठवणार असाल तर.

परळ_ते_पवई

सगळ्यांचे आभार. परळलाच दोनदा फिरवण्याची परवानगी मिळेल असं दिसतंय. कॉलम भरायला घेतो. एकच उरलं: जुन्या पद्धतीने साठवलेल्या नमुन्यांचं काय करू? एथिक्सची संमती, रुग्णांची माहिती, सगळं त्यांच्याशी जोडलेलं आहे.

बफी_कोट

फेकू नका, पण त्यांना एक्सोसोमचे नमुने म्हणू नका. वितळवून पुन्हा फिरवल्याने काही सुधारत नाही, फुटायच्या त्या प्लेटलेट फुटलेल्या आहेत. प्रत्येकाचा एक अ‍ॅलिकॉट काढून ४१४ चं शोषण आणि मिआर-२३ए व ४५१ए यांचा फरक बघा. पास झालेल्यांतून प्लाझ्मातले एकूण मायक्रोआरएनए मोजता येतील, आणि अहवालात तसंच लिहायचं. फक्त नव्या नमुन्यांबरोबर एकाच तक्त्यात मिसळू नका. रुग्ण जुन्या पद्धतीचे आणि निरोगी माणसं नव्या पद्धतीची असं झालं तर जो फरक दिसेल तो सेंट्रीफ्यूजचा असेल. नव्या फेरीत दोन्ही गट एकाच सकाळी, एकाच रोटरवर.

सेफरोज_सीएल२बी

आणि रुग्णांचं एक थेंबही वापरण्याआधी निरोगी स्वयंसेवकांचा एकत्र केलेला प्लाझ्मा घेऊन त्यावर कॉलम ठरवा. तोच पूल अर्ध्या मिलीचे अ‍ॅलिकॉट करून ठेवा आणि दर बॅचला एक चालवा. आरएनएच्या कामाला दर नमुन्याला नवा कॉलम. ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन परत वापरता येतो, पण तो प्रथिनांच्या कामापुरता.